श्वास आत घेऊन घेतलेलं माप

“जिजी, छापलेला कागद चुकतो का हो कधी?”

हेमलता फिरके ओसरीच्या पायरीवर बसायच्या आधीच विचारून मोकळी झाली. चप्पल एक इकडं, एक तिकडं. कपाळावरून घामाच्या धारा, आणि भर वैशाखात पदर अंगाभोवती असा आवळून घेतलेला, जशी काही बाहेर थंडीच पडली होती.

कौसल्याजिजी सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांना आता डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. खडे बोटांनाच सापडायचे.

“आधी पाणी पी.”

“पाणी नंतर. आधी सांगा.”

“मग उभी राहा तिथंच उन्हात. मी सांगते सावकाश.”

हेमलतानं निमूटपणे माठातून तांब्या भरून घेतला. सगळ्या सावदा गावात तिला गप्प करणारं हे एकच माणूस उरलं होतं.

गावातल्या निम्म्या बायकांच्या हातात कात्री दिली ती या जिजींनी. शिवणाचा क्लास म्हणजे हीच ओसरी, दोन मशिनी आणि एक लांबलचक सतरंजी. हेमलता त्यातली सगळ्यात हुशार. नवरा अकाली गेला तेव्हा ती दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून बसायची. जिजी स्वतः जाऊन तिला हाताला धरून घेऊन आल्या. “रडायचं तेवढं रड,” म्हणाल्या, “पण पायानं मशीन चालव.”

ती रडली आणि मशीन चालवत राहिली. त्यावर घर चाललं. आता बाजारपेठेत तिचं स्वतःचं दुकान होतं, दारावर पाटी होती, आणि ‘माझं माप चुकत नाही’ हे वाक्य गिऱ्हाइकानं न विचारताच ती ऐकवायची. खोटंही नव्हतं ते. पण माणसानं ते किती वेळा ऐकवावं, याला काही सुमार?

आणि आज तीच बाई पिशवीतून एक मासिक काढून जिजींच्या पुढ्यात आपटत होती.

“उन्हाळी विशेषांक आहे. मधे घडी घातलेला मोठा कागद आहे. ‘भरल्या अंगासाठी सुती उन्हाळी ब्लाऊज’. रेषेबरहुकूम कापला, जिजी. एक सूतही इकडचं तिकडं नाही. जुन्या पातळाचे तीन करून बघितले. तिन्ही वेळा दंडाला लागला.”

जिजींनी कागदावरून हात फिरवला. नाकाशी नेऊन वास घेतला.

“कोरा वास आहे. छान.”

“जिजी!”

“ऐकतेय गं. कुणाचा ब्लाऊज?”

“आहे… एक गिऱ्हाईक.”

“अंगानं कशी?”

“भरलेली.”

“स्वभावानं?”

हेमलता अडखळली. “हट्टी आहे थोडी.”

“थोडी?”

“…बरीच.”

जिजींच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी मान खाली घालून ते सुपात लपवलं.

“लग्नाला जायचंय तिला?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“वैशाखात ब्लाऊजसाठी कुणाचा आवाज इतका चढला, की लग्नच असतं.”



लग्न होतं प्राचीचं. प्राची म्हणजे हेमलताच्या धाकट्या बहिणीची मुलगी. प्राची लहान असतानाच बहीण गेली. तेव्हापासून पोरीच्या वेण्या, पोरीचे ताप, पोरीच्या शाळेतल्या भांडणांचा निकाल, सगळं मावशीकडे. मागच्या आठवड्यात प्राची हातात एक साडी घेऊन आली होती. फिक्क्या लिंबाच्या रंगाची, हलकी, सुती. “मावशी, उन्हात रेशीम घालून घामाघूम होऊ नकोस,” म्हणाली. ब्लाऊजसाठी त्याच रंगाचं कापड वेगळं आणलं होतं, चांगलं भरपूर. मग गळ्यात हात टाकून म्हणाली, “आणि आईच्या जागी तू उभी राहायचं. अगदी पुढे. पहिल्या अक्षता तुझ्या.”



हेमलतानं सांगितलं, “मला ऊन सोसत नाही गं. मी आतल्या खोलीतूनच आशीर्वाद देईन.”

 प्राचीनं साडी ठेवली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला नाही. त्यानंतरही नाही.

ऊन सोसत नाही! खानदेशात जन्म काढलेल्या बाईला ऊन सोसत नाही म्हणे. खरी गोष्ट वेगळीच होती. हेमलताचा हात वरच जात नव्हता. तिच्या सगळ्या ब्लाऊजांच्या बाह्या दंडाशी रुतायच्या आणि पाठ ताणली जायची. हात खांद्याच्या वर नेला की कुठलीतरी शिवण कुरकुरायची. मंगलाष्टकं संपत आली, की सगळे हात उंचावून अक्षता टाकायचे, आणि ही कमरेपाशी हात धरून मनगटातल्या मनगटात उडवायची. त्या अक्षता आजवर एकाही नवरा-नवरीपर्यंत पोचल्या नव्हत्या. पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या टकलावर पडायच्या. मागच्या लग्नात एका काकांनी वळून विचारलंही होतं, “बाई, लग्न माझं लावताय का?”

सगळे हसले. हेमलताही हसली. घरी येऊन मात्र जेवली नाही.

दुसऱ्या शिंप्याकडे जावं म्हटलं, तर ते मेल्याहून मेल्यासारखं. जिचं माप चुकत नाही, ती टेप लावून घ्यायला दुसऱ्याच्या दुकानात उभी राहणार? गावाला महिनाभर पुरला असता विषय.

जिजींनी आणखी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“माप कुणी घेतलं?”

“मीच.”

“कसं घेतलंस?”

“नेहमीसारखं. ताठ उभं राहायचं, हात खाली, श्वास आत.”

“श्वास आत कशाला?”

“अहो, सगळ्याच घेतात! मी सगळ्यांनाच सांगते, ताई, जरा श्वास आत घ्या. आकडा कमी येतो. बाईला बरं वाटतं.”

“आणि मग लग्नभर ती श्वास आतच ठेवणार?”

ओसरीवरचा पंखा करकरत फिरत राहिला. 

“जा,” जिजी म्हणाल्या, “तिला घेऊन ये.”

“कुणाला?”

“गिऱ्हाइकाला. मी माप घेते.”

“ती… ती नाही यायची. लाजते.”

“कुणाला?”

“सगळ्यांना.”

“मला पण? मला तर दिसतही नाही.”

हेमलतानं पदर आणखी आवळला. आता यातून सुटावं कसं ते तिला कळेना. जिजींनी मात्र सूप हळूच तिच्याकडे सरकवलं.

“बरं, राहू दे तिला. तू आलीच आहेस तर माझं एक काम कर. पदर खोच कमरेला. मूठभर तांदूळ घे. त्या खांबाशी जाऊन उभी राहा.”

“हे काय आता?”

“घे म्हणते ना.”

हेमलतानं मूठ भरली. जिजी भिंतीला धरून उठल्या, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या. ऐंशी ओलांडलेली, बोळकं झालेल्या तोंडाची नवरी.

“हं. लग्न लागलंय माझं. टाक अक्षता.”

“अहो जिजी, चेष्टा काय करताय…”

“मुहूर्त टळतोय गं! टाक!”

हेमलतानं सवयीप्रमाणे मनगट उडवलं. तांदूळ तिच्याच पायापुढे सांडले.

“कुठं पडले?”

“…इथंच.”

“मग मी काय बिनअक्षतांचीच नांदायला जाऊ? पुन्हा टाक.”

तिनं पुन्हा टाकले. ते जरा पुढे, मशीनपर्यंत गेले.

“नवरा पळून जाईल, हेमा, तोवर!”

आता मात्र हेमलताला राग आला. स्वतःचा आला, त्या काकांचा आला, मासिकाचा आला. तिनं तिसरी मूठ भरली, हात सरळ डोक्याच्या वर नेला आणि सगळं बळ एकवटून तांदूळ फेकले.

टर्रर्र.

काखेपासून कमरेपर्यंत शिवण उसवली. आणि तांदूळ? ते थेट जिजींच्या डोक्यावर, पदरावर, नाकावर.



“पोचले,” जिजी म्हणाल्या. नाकावरचा एक दाणा त्यांनी जिभेनं टिपला.

हेमलताला हसूच फुटलं. आधी जरासं, मग आवरेना. ती खांबाला धरून हसायला लागली, उसवलेल्या काखेत वारा शिरत होता आणि ती हसत होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यातलं थोडं हसण्याचं होतं. थोडं पुष्कळ दिवसांचं साठलेलं होतं.

जिजी कधी जवळ आल्या ते तिला कळलंही नाही. त्यांच्या हातात गोधडीच्या जाड दोऱ्याचं रीळ होतं.

“हात खाली घेऊ नको. हसणं थांबवू नको.”

त्यांनी दोरा तिच्या छातीभोवतून नेला. त्यासाठी त्यांना तिला मिठीच मारावी लागली. तिच्या खांद्यावर त्यांनी गाल टेकवला, पाठीमागे दोरा चाचपून जुळवला आणि जुळला तिथं खुणेची गाठ मारली. मग उचललेल्या दंडाभोवती दोरा, मग खांद्यावरून काखेखालून, आणि प्रत्येक ठिकाणी एक गाठ. हेमलताला कितीतरी वर्षांत कुणी असं पूर्ण कवेत घेतलं नव्हतं. ती हुंदके देत हसत होती की हसत हुंदके देत होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

“किती आलं हो?” शेवटी तिनं घाबरत विचारलं.

“काय?”

“आकडा.”

“दोऱ्याला कुठं असतात गं आकडे?”

जिजींनी दोरा तोडला आणि तिच्या तळहातावर ठेवला. हेमलता त्या गाठींकडे बघत राहिली. आयुष्यभर ज्या गोष्टीची धास्ती घेतली होती, ती म्हणजे एवढासा पांढरा दोरा.

“जिजी…”

“हं.”

“ते गिऱ्हाईक मीच.”

“काय सांगतेस!” जिजी म्हणाल्या.

मग दोघींनी कागद सतरंजीवर पसरला. जिजींनी मांडी घालून बोट टेकवलं.

“यात रेषा किती आहेत?”

“एकाबाहेर एक. जसं अंग, तशी रेषा.”

“तू कुठली घेतलीस?”

“मधली.”

“बाहेरची का नाही?”

“ती फार मोठी आहे हो.”

“कुणापेक्षा?”

हेमलता उत्तर द्यायला गेली आणि थांबली. हातातला दोरा छातीच्या गाठीपर्यंत धरून, निम्मा दुमडून तिनं कागदावर ठेवला. मधल्या रेषेच्या कितीतरी पुढे गेला. बाहेरच्या रेषेवर आला. तिथंही थांबला नाही. रेषा ओलांडून, कागदाची कड ओलांडून, बोटभर खाली सतरंजीवर जाऊन टेकला.

तिचा चेहरा उतरला.

“बघा. शेवटच्या मापातही बसत नाही मी. कागदच संपला.”

“कागद संपला,” जिजी म्हणाल्या. “कापड संपलंय का?”

हेमलतानं पिशवीत हात घातला. प्राचीनं दिलेलं लिंबाच्या रंगाचं कापड बाहेर काढलं. ते तिनं अजून कापायला घेतलं नव्हतं, हिंमतच झाली नव्हती. तिनं ते सतरंजीवर पसरलं, कागद वर ठेवला. कागदाच्या चारी बाजूंनी कापड पसरलेलं होतं. भरपूर. पोरीनं मोजून नव्हतं आणलं.

“प्राचीला माहीत होतं हो,” ती हळूच म्हणाली. “मला किती लागतं ते तिला माहीत होतं, आणि एक शब्द बोलली नाही.”

 जिजींनी कात्री चाचपली आणि मुठीकडून तिच्या हातात दिली. पहिल्या दिवशी दिली होती, तशीच.

हेमलतानं खडूनं कागदाच्या कडेबाहेर, नुसत्या कापडावर, रेष ओढली. तिथं छापलेलं काही नव्हतं. हात सरळ चालला.

“काखेत एक चौकोनी तुकडा घाल,” जिजी म्हणाल्या. “आमच्या सासऱ्यांच्या सदऱ्यांना असायचा. ते झाडावर चढायचे तो घालून.”

“मी काही झाडावर चढणार नाही.”

“सांगता येतं का?”

त्याच ओसरीवर, त्याच जुन्या मशीनवर तिनं ब्लाऊज शिवला. जिजी बाजूला बसून तांदूळ पुन्हा गोळा करत होत्या आणि मशीनचा आवाज ऐकत होत्या. मधेच एकदा म्हणाल्या, “हळू. बाहीला घाई नको.” हेमलतानं बघितलं तर खरंच बाही चालू होती. तिला इतकं भरून आलं की टाका दिसेनासा झाला. तिनं मशीन थांबवलं.

“जिजी, तेव्हा तुम्ही मला हाताला धरून आणलं नसतं ना, तर मी त्या भिंतीकडेच बघत बसले असते. मी कधी तुम्हाला बोलून दाखवलं नाही. दुकानाच्या पाटीवर स्वतःचं नाव घातलं, तुमचं नाही घातलं.”

“माझं नाव मोठं आहे. पाटीत बसलं नसतं. मशीन चालव.”

ब्लाऊज झाला. हेमलतानं आत जाऊन घातला. बाहेर आली, हात वर केला. खाली घेतला. पुन्हा वर केला. काही कुरकुरलं नाही, काही रुतलं नाही. काखेत वारा खेळत होता, शिवण न उसवता. तिनं आपल्या उघड्या दंडावरून हात फिरवला. याच दंडांनी तापलेली पोर रात्ररात्र उचलून धरली होती. याच दंडांनी सगळ्या गावाचं कापड ओढलं होतं. इतकी वर्षं तिनं यांना लपवून ठेवलं होतं, ओळख नसल्यासारखं.

“कसा दिसतो?” तिनं विचारलं, आणि मग जीभ चावली.

जिजींनी हात पुढे केला. बाहीची कड चाचपली, काखेतला तुकडा चाचपला, पाठीवरून तळवा फिरवला.

“श्वास घे,” म्हणाल्या.

हेमलतानं घेतला. पूर्ण, पोटापर्यंत.

“सोड.”

तिनं सोडला.

“दिसतोय की चांगला.”

लग्न लागलं ते टळटळीत दुपारी. मांडवात माणसं वर्तमानपत्रांनी वारा घेत होती. हेमलता सगळ्यांच्या पुढे उभी होती, फिक्क्या लिंबाच्या रंगात, पदर मोकळा. शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि तिचा हात वर गेला. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा उंच. अक्षता प्राचीच्या बरोबर भांगात पडल्या. पोरीनं मान वर करून बघितलं. मुंडावळ्यांतून तिचे डोळे भरून आलेले दिसले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी ती हसली. कितीतरी दिवसांनी. हेमलतानं मनातल्या मनात बहिणीला सांगितलं, पोचल्या गं, दोघींच्याही पोचल्या.

पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी ती लाडवांचा डबा घेऊन जिजींच्या ओसरीवर आली. या वेळी आधी पाणी प्यायली, मग पाया पडली. सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. ते टकलू काका मांडवात तिला बघून आपणहून बाजूला सरकले होते, हेही सांगितलं. जिजी हसता हसता खोकायला लागल्या.



“जिजी, एक विचारू?”

“विचार.”

“तो दोरा मी देवापाशी ठेवलाय. पण इतक्या वर्षांत दुकानात किती जणींना मी श्वास आत घ्यायला लावलं असेल. त्याही कुठंतरी हात कमरेपाशी धरून उभ्या असतील. उद्या त्यातली एखादी माप द्यायला आली, तर… तिला मी काय सांगू?”

जिजींनी डब्यातला लाडू फोडला. अर्धा तिच्या हातावर ठेवला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. सावकाश चघळला.

“सांगू नको काही,” म्हणाल्या. “दुकानात सूपभर तांदूळ ठेव.”